वेणी कुंडीत राहत नाही

ओझर म्हटलं की लोकांना विमानांचा कारखाना आठवतो. आमचा तो नव्हे. आमचा पंप बनवणारा, त्याच्या पलीकडचा, थोरल्या भावाच्या सावलीत वाढलेल्या धाकट्यासारखा. पण वसाहत आमचीही होती, रस्ते सरळ होते, आणि प्रत्येक क्वार्टरपुढे चार हात बाग होती. त्या सगळ्या बागांची, झाडांची आणि त्यावरून होणाऱ्या भांडणांची जबाबदारी माझ्याकडे. हुद्दा उद्यान पर्यवेक्षक. नव्वद सालानंतर लवकरच मी तिथे लागले आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिले.

माझं माहेर देवळ्याचं, घरचा कांदा. शेतकीची पदवी घेऊन मी ही नोकरी धरली तेव्हा वडील म्हणाले, "एवढं शिकीसन शेवट झाडेसले पानीच घालशी का?" मी हो म्हणून मोकळी झाले. खरं तर पाणी माळी घालतात. पर्यवेक्षकाचं काम झाडांपेक्षा माणसांशी जास्त. कडुनिंबाची पानं स्कूटरच्या सीटवर पडतात, तेव्हा झाड काढा, म्हणणारे एक साहेब होते. कोकिळा पहाटे ओरडते म्हणून आंबा छाटा, असं दुसऱ्यांचं म्हणणं होतं. एका बाईंना लेकीच्या साखरपुड्याच्या दिवशीच मोगरा फुलायला हवा होता. फुलला नाही, तर त्या वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. या लोकांना न दुखवता नाही म्हणायचं आणि झाडांना दुखवायचं नाही, एवढं जमलं की बाकीचं काम कुणालाही शिकता येतं.

माझे मुख्य माळी निवृत्तीअण्णा. नाव निवृत्ती, पण निवृत्त व्हायला अजिबात तयार नसत. मला पहिल्या दिवशी त्यांनी पूर्ण वसाहत फिरवून दाखवली आणि शेवटी म्हणाले, मॅडम, तुम्ही सही करत जा, बाकी आम्ही बघतो. पुढे आमचं छान जमलं, पण त्याला वेळ लागला.

आमच्याकडे वर्षाचा मोठा सण म्हणजे जुलैमधला वनमहोत्सव. साहेबांच्या हस्ते सुबाभूळ आणि निलगिरीची रोपं लावायची, मग क्लबच्या हॉलमध्ये कुंड्यांची स्पर्धा. या स्पर्धेची मजा बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. कारखान्यात बढतीवरून जेवढं राजकारण होत नसे तेवढं या कुंड्यांवरून होई. त्यात टांगत्या कुंड्यांचा एक वेगळा गट होता आणि तो सलग तीन वर्षं बापटकाकूंनी जिंकला होता.

काकू म्हणजे डिझाइन विभागातल्या बापटसाहेबांच्या पत्नी. मुलं शिकायला बाहेर, साहेब कारखान्यात, काकू बागेत. आवाज खणखणीत, मतं ठाम, आणि कुणी घरी आलं की आधी सरबत, मग बाग, मग पुन्हा सरबत. त्यांची बक्षिसाची कुंडी म्हणजे तारेच्या टोपलीत लावलेली सीतेची वेणी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ही आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या कुळातली वनस्पती, रानातल्या मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढते. वैशाखापासून आषाढापर्यंत तिला पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे लांब घोस लोंबतात, अगदी माळलेल्या गजऱ्यासारखे. निवृत्तीअण्णा तिला बांडगूळ म्हणत आणि तिच्याकडे संशयाने बघत. ती बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडाचा रस पितं. वेणी नुसती खांद्यावर बसते, ताटातलं काही खात नाही. तिची जाड मुळं सालीला धरून हवेत लोंबतात आणि पावसाचं, दवाचं पाणी टिपतात.

या वेण्या आणायची सोनाबाई. पेठच्या पुढे घाटातल्या एका पाड्यावरची, कोकणा समाजाची, चाळिशीची बाई. घरची भाताची आणि नागलीची शेती पावसापुरती. मग माणसं द्राक्षांच्या कामाला खाली उतरत. उन्हाळ्यात ती एसटीने नाशिकला येई, सीबीएसवर गाडी बदलून ओझरला, आणि आमच्या गेटाबाहेर करवंदं, आळवाची फळं, डिंक असं काहीबाही विके. कधीतरी तिने सागाच्या पानात गुंडाळून फुललेल्या वेण्या आणल्या आणि त्यातली एक काकूंनी घेतली. काकूंना पहिलं बक्षीस मिळालं आणि झालं. पुढच्या वर्षी अधिकाऱ्यांच्या गल्लीत घरोघर वेणी लटकली. त्याच्या पुढच्या वर्षी कामगारांच्या क्वार्टरमध्येही. जनरल मॅनेजरसाहेबांच्या पत्नी सक्सेनामॅडम, ज्या स्पर्धेच्या अध्यक्ष असत, त्यांनीसुद्धा दोन घेतल्या.

चौथ्या वर्षी मे महिन्यात मी गेटाशी कुंपणाची छाटणी बघत उभी होते. सोनाबाई गाठोडं सोडत होती आणि इतर बायका यायच्या आत चांगल्या वेण्या निवडायला काकू तिथे आल्या होत्या. दोन त्यांनी बाजूला काढल्या. सोनाबाई त्यांच्याकडे बघत होती. मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "बाई, दरसाल नव्या घेतां तुमी. मंग जुन्या काय करतां? खातां का?"

काकू हसायला लागल्या. मीही हसले. सोनाबाई मात्र हसली नाही. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. तिच्या पाड्यावर कुणी म्हणे की शहरात याचं औषध करतात, कुणी म्हणे पूजेनंतर नदीत सोडतात. एवढी माणसं दर वर्षी तीच वस्तू घेतात म्हणजे ती संपत असणार, हा तिचा हिशोब काही चुकीचा नव्हता. काकूंचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी त्या दोन वेण्या परत गाठोड्यात ठेवल्या आणि मला म्हणाल्या, जरा घरी चल.

मागच्या अंगणात न्हाणीघराजवळ पाण्याचं पिंप होतं. त्याच्यामागे तीन वर्षांच्या मेलेल्या वेण्या पडल्या होत्या. मुळं वाळून सुतळीसारखी झालेली, पानं काळी. काकूंनी सगळं करून पाहिलं होतं. शेणखत घातलं तर मुळं कुजली, नुसत्या कोळशात ठेवली तर एप्रिलच्या झळांनी वाळली. टाकवत नव्हत्या म्हणून ठेवल्या, एवढंच त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की वसाहतीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात हेच झालंय. मी दर हिवाळ्यात घराघरांतून रिकाम्या टोपल्या पाहत होते. घाटातल्या धुक्यात वाढणारं झाड ओझरच्या पत्र्याखाली टांगल्यावर दुसरं काय होणार?

आठवडाभराने सोनाबाई आली ती रिकाम्या हाताने. माझ्या ऑफिसच्या पायरीवर बसली. तिच्याकडून कळलं ते असं. शहरातल्या कुणा व्यापाऱ्याने पाड्यावर टेम्पो पाठवला होता. तो एकेक वेणी निवडून घेत नव्हता, गोणीवर घेत होता. गोणी भरायची तर एकेक वेणी सोडवत कोण बसणार? माणसांनी फांद्याच तोडायला सुरुवात केली. तिचा दीर बेहड्याच्या झाडावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. पाड्याच्या वरच्या अंगाला एक जुना आंबा होता, त्याला वेण्यांचा आंबा म्हणत. त्याच्या सगळ्या मोठ्या फांद्या गेल्या.

"मी एक काढत होते तं दोन ठेवत होते," ती म्हणाली. "आता झाडच नाय ऱ्हायलं. पुढल्या साली काय आणू?"

मी तिच्याबरोबर जायचं ठरवलं. बापटकाकूंना कसं कळलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बसस्टँडवर हजर. पायात साहेबांचे कॅनव्हासचे बूट, हातात सरबताची बाटली. पेठची गाडी घाट चढेपर्यंत त्यांनी ती बाटली उघडली नाही, नुसती मांडीवर धरून बसल्या. त्यांच्या बाबतीत हे काळजीचं लक्षण होतं.

पाड्यावरून वर चढून गेलो. आंबा अजून उभा होता, पण हात तोडलेल्या माणसासारखा. खाली तोडलेल्या फांद्यांचा पसारा, आणि त्यात गोणीत न मावलेल्या, तुटक्या म्हणून टाकून दिलेल्या वेण्या. काहींना अजून फुलं होती. काकू त्या पसाऱ्यात खाली बसल्या. सोनाबाईचा दीर पायाला बांबूच्या खपच्या बांधून घराच्या ओट्यावर बसला होता. खाली पाड्यावर परत आल्यावर काकूंनी त्याला विचारलं की असं झाड का तोडलंत. त्याला राग आला नाही. तो म्हणाला, "तुमी घेतां म्हणून तोडतो. नाय घेतलं तं कोण चढंल?"

त्या टाकून दिलेल्या वेण्या आम्ही गोळा केल्या होत्या. नाहीतरी जमिनीवर पडलेली वेणी पावसाळ्यात कुजून जाते. सोनाबाईच्या नवऱ्याने त्या ओल्या गोणपाटात बांधून दिल्या आणि आम्ही त्या ओझरला आणल्या. आता यांचं करायचं काय, हे मलाही नक्की माहीत नव्हतं. एवढं माहीत होतं की कुंडीत घालायच्या नाहीत.

स्पर्धा तोंडावर आली होती. मी आमचे एस्टेट ऑफिसर रावसाहेब यांच्याकडे गेले आणि म्हटलं, रानातून ओरबाडून आणलेलं झाड यंदापासून स्पर्धेत घ्यायचं नाही असा नियम करू या. रावसाहेब भला माणूस, पण कुणाला वाईट वाटेल या कल्पनेनेच त्यांचा रक्तदाब वाढे. त्यांनी मला समजावलं की अध्यक्षांच्याच घरी दोन टोपल्या आहेत, नियम करायचा तर पुढच्या वर्षी बघू, आणि मुळात वनमहोत्सवात वनातलं झाड आणू नका असं कसं म्हणायचं? मी नियम केला नाही. पण बोललेलं फुटलं, आणि दोन दिवसांत वसाहतीत बातमी पसरली की उद्यानवाल्या मॅडम वेण्या जप्त करणार आहेत. माझ्या ऑफिसात दोन बायका येऊन भांडून गेल्या. एकीने तर सुनावलं, की बापटकाकूंना चौथं बक्षीस मिळावं म्हणून हे चाललंय.

वनमहोत्सवाच्या दिवशी क्लबचा हॉल भरला. टांगत्या कुंड्यांसाठी लोखंडी पाइपाची चौकट उभी केलेली, तिच्यावर ओळीने वेण्या फुललेल्या. खरंच सांगते, दृश्य सुंदर होतं. त्यामुळेच तर पंचाईत होती. काकूंची जागा शेवटची. त्यांनी तिथे आपल्या तीन जुन्या टोपल्या टांगल्या होत्या आणि प्रत्येकीत त्या-त्या वर्षाची मेलेली वेणी ठेवली होती. प्रत्येक टोपलीखाली स्टुलावर त्या वर्षीचा कप, ब्रासो लावून लख्ख केलेला.

आधी लोकांना वाटलं कुणीतरी चेष्टा केली. मग परीक्षकांबरोबर सक्सेनामॅडम तिथवर आल्या आणि थांबल्या. हे काय आहे, असं त्यांनी हिंदीत विचारलं. काकूंनी मराठीतच उत्तर दिलं, म्हणजे सगळ्यांना कळावं.

"जिवंत होत्या तोवर मी यांच्यावर बक्षिसं घेतली. मेल्यावर पिंपामागे लपवल्या. म्हटलं, यंदा सगळंच दाखवावं."

बापटसाहेब मागे उभे होते, त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग काकूंनी पाड्यावर काय पाहिलं ते सांगितलं. भाषण केलं नाही, शेजारणीला ओट्यावर सांगावं तसं सांगितलं. सक्सेनामॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं की त्यांच्या घरच्या दोन वेण्या आता कशा वाचवायच्या. पाच-सहा बायका एकदम पुढे आल्या. परीक्षकांपुढे मात्र पेच पडला, कारण काकूंनी रीतसर नाव नोंदवलं होतं. शेवटी त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस देण्यात आलं. मेलेल्या झाडाला उत्तेजन देणारी ती भारतातली एकमेव स्पर्धा असावी. पुढच्या वर्षापासून नियम झाला आणि तो रावसाहेबांनी आपल्याच डोक्यातून निघाल्यासारखा जाहीर केला.

वसाहतीतल्या सगळ्या वेण्या आम्ही टोपल्यांतून काढल्या आणि पाड्यावरून आणलेल्या वेण्यांबरोबर झाडांवर बांधल्या. जांभूळ, आंबा, चिंच, जी जाड, खडबडीत सालीची झाडं होती त्यांवर. काथ्याने बांधायचं, मुळं सालीला टेकतील असं, आणि उन्हाळाभर संध्याकाळी पाण्याचा फवारा. शिडीवर निवृत्तीअण्णा, खाली काकू. अण्णा कुरकुरत होते की आपण स्वतःच्या हाताने झाडांना बांडगूळ बांधतोय. पहिल्या उन्हाळ्यात पुष्कळ वेण्या गेल्या. जांभळावरच्या मात्र बऱ्याच टिकल्या, कारण ते झाड पाण्याच्या टाकीजवळ होतं.

पण सोनाबाईचा प्रश्न उरलाच होता. श्रावणात ती रानभाज्या घेऊन आली. भाज्या संपल्यावर माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "येणी बंद केली. बरं केलं. आता मी काय इकू ते सांगा."

मी तिला विचारत गेले की रानात जमिनीवर काय पडतं, जे उचलल्याने झाडाचं काही जात नाही. ती सांगत गेली. बेहडा, हिरडा, करंज, बहावा, आपटा, सगळ्यांच्या बिया. त्या ऐकताना मला आमच्या निलगिऱ्या आठवल्या, ज्यांच्यावर पक्षी बसत नसे आणि ज्यांच्याखाली गवत उगवत नसे. मी म्हटलं, बिया विकू नको, रोपं करून आण. आम्ही दर वर्षी रोपं विकत घेतोच.

रावसाहेब म्हणाले, तीन ठिकाणचे भाव मागवावे लागतील. मी नाशिकमधल्या नर्सऱ्यांत फिरले. गुलमोहर होता, अशोक होता, बेहडा कुणाकडे नव्हता. तेव्हा रावसाहेबांनी नियमातून 'एकमेव पुरवठादार' असा शब्द शोधून काढला आणि त्यांना स्वतःचाच इतका अभिमान वाटला की पुढे ते सोनाबाईची ओळख तशीच करून देत. पहिल्या वर्षी पाड्यावरच्या शेळ्यांनी रोपं फस्त केली. सोनाबाई तरी पिशव्या घेऊन आली, त्यात नुसते खुंट. मुळं हायेत, म्हणाली. मला हसावं की रडावं कळेना, पण ठेवून घेतल्या. महिन्याभरात बेहडे फुटले. दुसऱ्या वर्षी पाड्यावरच्या बायकांनी कुडाचं कुंपण केलं.

रोपांसाठी तिला खत हवं होतं आणि आमच्याकडे रोज सकाळी पाचोळ्याचे ढीग पेटत. धूर पार क्लबपर्यंत जाई. मी जाळणं बंद केलं आणि खड्डे घेतले. निवृत्तीअण्णांनी सांगितलं की खड्ड्यात साप येतील. साप आलाच, धामण. अण्णा आठवडाभर तिकडे फिरकले नाहीत. मग उंदीर कमी झाले, तेव्हा ते लोकांना सांगायला लागले की धामण त्यांनीच ठेवून घेतली आहे. रोपं घेऊन येणारी जीप परत जाताना खताच्या गोण्या घेऊन जाई. कीटकनाशकाचा पंप हळूहळू गंजला, कारण तो कुणी मागेना. हे सगळं मी काही ठरवून केलं नाही. एका गोष्टीला हात घातला की दुसरी पुढे येत गेली.

सगळं गोड झालं असं मात्र सांगता येणार नाही. त्या व्यापाऱ्याचा टेम्पो आमच्या ओळखीच्या पाड्यावर यायचा थांबला, कारण तिथल्या बायकांनी तो अडवला. पण तो दुसऱ्या घाटाने वर गेला. मी वनखात्यातल्या एका साहेबांना भेटले. त्यांनी नीट ऐकलं, गस्तही घातली, पण रान मोठं आणि माणसं थोडी. लाकडाची मोळी लांबून दिसते, गोणीत काय आहे कुणाला दिसतं? काही वर्षांनी नाशिकच्या रस्त्याकडेला मी तशाच वेण्या विकायला पाहिल्या. मी विकणाऱ्याशी बोलत उभी राहिले आणि लोक माझ्या देखत घेऊन जात राहिले. वेण्यांचा आंबा पुन्हा फुटला, पण त्याच्यावर वेणी आली नाही. सोनाबाईला विचारलं की ती म्हणते, येईल. कधी, ते सांगत नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली एक दुपार सांगून थांबते. जून महिना होता. जांभळावरच्या वेण्या अशा फुलल्या होत्या की येणारा-जाणारा मान वर करून चालत होता. सोनाबाई रोपांची जीप घेऊन आली होती आणि झाडाखाली टेकली होती. तिचेही केस पिकले होते. बदली होऊन नुकत्याच आलेल्या एका अधिकाऱ्याची तरुण पत्नी तिथे आली. तिने सोनाबाईला विचारलं, मावशी, यातली एक काढून द्याल का, माझ्या गॅलरीत लावते, हवे ते पैसे घ्या. मी पुढे होऊन काही बोलणार तेवढ्यात सोनाबाईनेच सांगितलं, "येणी नाय हलायची, बाई. तुमी खुर्ची हलवा."

ती मुलगी जरा गोंधळली, हसली आणि निघून गेली. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खरंच घरातून वेताची खुर्ची उचलून घेऊन आली. जांभळाखाली बापटकाकू आधीच बसलेल्या होत्या. साहेब निवृत्त झाल्यावर त्या नाशिकला राहायला गेल्या होत्या, पण फुलं आली की बसने ओझरला येत आणि आपली घडीची खुर्ची निवृत्तीअण्णांच्या जुन्या खोलीत ठेवून जात. मुलीने आपली खुर्ची कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं. काकूंनी आपली थोडी बाजूला सरकवली आणि पिशवीतून सरबताची बाटली काढली.